जुना फर्ग्युसन: जादा लिव्हर, दोन झाकणांची टाकी आणि सिम्पसनचं इंजिन

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या काळातला करडा फर्ग्युसन ट्रॅक्टर गोठ्याशेजारी बरीच वर्षं उभा होता, तो आता दुरुस्त करून चालता करायचा आहे. डॅशवरच्या पाटीवर नंबराआधी ‘टीईडी’ अशी अक्षरं आहेत. इंजिन तीन सिलिंडरचं डिझेल आहे आणि त्यावर ‘सिम्पसन’ असं ओतलेलं आहे. डिझेलच्या टाकीला दोन झाकणं आहेत. डाव्या अंगाला पीटीओचा, म्हणजे औजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा, लिव्हर आहे, त्याशिवाय आणखी एक जाम झालेला लिव्हर आहे. औजार उचलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टच्या कव्हरमधून एक पाइप बाहेर काढलाय. पीटीओच्या शाफ्टवर बाही चढवलीय. पुढच्या ॲक्सलला ओळीनं भोकं आहेत आणि स्टार्टरला वेगळं बटण आहे. बघायला आलेल्या एकानं ‘हे परदेशी स्पेशल मॉडेल आहे, मिळत नाही’ असं सांगितलं. आता यातलं कंपनीचं काय, नंतरचं काय, आणि काढायचं काय?

आधी स्पेशल मॉडेलचं बघू. तसं काही नाही. टीई-२० ही मालिका इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात निघाली आणि पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बाहेर पडले. दुर्मीळ म्हणावा असा हा ट्रॅक्टर नाही. पण तुमच्या ट्रॅक्टरवर निदान तीन वेगवेगळ्या हातांचं काम दिसतंय, आणि ते वाचता येतं.

सगळ्यात आधी ती अक्षरं. ‘टीई’ म्हणजे इंग्लंडात बनलेला ट्रॅक्टर. पुढचं अक्षर प्रकार सांगतं. ‘ए’ असेल तर स्टँडर्ड कंपनीचं पेट्रोल इंजिन, ‘एफ’ असेल तर कारखान्यातूनच डिझेल, आणि ‘डी’ असेल तर रॉकेलसारख्या ट्रॅक्टर तेलावर चालणारा. म्हणजे तुमचा ट्रॅक्टर जन्मानं डिझेल नाही. हा पेट्रोलवर चालू व्हायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायचा, आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला त्रास नको. त्यासाठी टाकीत दोन कप्पे, मोठा तेलाचा आणि छोटा पेट्रोलचा, आणि प्रत्येकाला आपलं झाकण. तुम्हाला जे विचित्र वाटलं ते दुसरं झाकण अस्सल कंपनीचं आहे. तुम्ही ज्यावर शंकाही घेतली नाही ते इंजिन मात्र बदललेलं आहे.

जुन्या ट्रॅक्टरांवर हे नेहमी होतं. डोळ्याला खटकणारी वस्तू पुष्कळदा कारखान्याची निघते, आणि मुकाट बसलेली वस्तू कोणीतरी बदललेली असते. म्हणून मी सुटी वस्तू बघण्याआधी ती ट्रॅक्टरला जिथं जोडलीय ती जागा बघतो. बोल्ट, आटे, भोकाची कड, रंगाचे थर. वस्तू कुठूनही आणता येते, जोड मात्र जागेवरच करावा लागतो.

पुढच्या ॲक्सलच्या भोकांना हात लावू नका. ती मूळचीच आहेत. चाकांमधलं अंतर ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत चार-चार इंचांनी वाढवता यावं म्हणून ती ठेवलेली असतात. ॲक्सल मागं वळवलेला आहे आणि स्टिअरिंगचे दोन्ही रॉड ॲक्सलला मागून धरणाऱ्या दांड्यांना समांतर जातात, त्यामुळं अंतर बदललं तरी चाकांची दिशा बिघडत नाही. फार हुशार रचना आहे, आणि आपल्याकडं उसाच्या सरीत चालवायला ती उपयोगी पडली. फक्त एक तपासा: सगळी भोकं एकसारख्या अंतरावर आणि स्वच्छ गोल आहेत का? मध्येच एखादं भोक गॅसनं कापलेलं, कडेला वितळलेल्या लोखंडाचे मणी असलेलं दिसलं, तर ते कोणीतरी तिफण नाहीतर दुसरं काही बांधायला पाडलंय, आणि ॲक्सल तिथं कमजोर झालाय.

आता इंजिन. पर्किन्सचं पी-३ हे तीन सिलिंडरचं, १४४ घन इंचांचं म्हणजे साधारण २३६५ सीसीचं डिझेल. फर्ग्युसनमध्ये ते बसवण्याची चाल इंग्लंडातच पडली होती, त्यासाठी तयार किट मिळायचं. पर्किन्सची इंजिनं आपल्याकडं चेन्नईच्या सिम्पसननं बनवली. तुमच्या ब्लॉकवर सिम्पसनचं नाव आहे, म्हणजे इंजिन इथलंच, आणि ट्रॅक्टर भारतात आल्यावर कधीतरी ते बसलं. तेलाची कटकट, प्लगाची कटकट आणि डिझेलमधली बचत बघता आजोबांनी, किंवा त्यांच्या आधीच्या मालकानं, हा खर्च समजून-उमजून केला असणार.

प्रश्न उरतो तो इंजिन कोणत्या पद्धतीनं बसवलं याचा. या ट्रॅक्टरला चासी नाही. इंजिन हाच सांगाड्याचा भाग आहे. पुढचा ॲक्सल इंजिनाच्या तोंडाला टांगलेला, आणि मागं क्लच हाउसिंग इंजिनाला बोल्टनं जोडलेलं. त्यामुळं दुसरं इंजिन घालायचं तर पुढं आणि मागं दोन्हीकडं जोडतुकडे लागतात, आणि सगळा भार त्यांच्यातून जातो. इंजिन आणि क्लच हाउसिंग यांच्यामध्ये जो तुकडा आहे तो कापडानं पुसून, बॅटरीच्या उजेडात नीट बघा. बिडाचा ओतीव असेल, कडा गोलसर असतील, अंगावर उठावाचे आकडे असतील आणि दोन्ही तोंडं मशीनवर घेतलेली असतील, तर तो किटमधला. जाड प्लेट गॅसनं कापून लेथवर साफ केलेली असेल, तर बाहेरच्या कडेवर कापल्याच्या आडव्या रेघा राहतातच. घासून काढल्या तरी एखाद्या कोपऱ्यात सापडतात. प्लेटचं काम वाईटच असतं असं मात्र नाही. चांगल्या लेथवाल्यानं मध्य नीट साधला असेल तर ते दोन पिढ्या चालतं. मध्य चुकला असेल तर क्लचची बेअरिंगं आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग वरचेवर जातात. तुमच्याकडं जुन्या खर्चाच्या वह्या असतील तर त्यात क्लचप्लेट किती वेळा आली ते शोधा.

यानंतर टेप घ्या आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. मूळचं ७० इंच असतं. जोडतुकड्यांसकट इंजिनाची लांबी मूळच्याएवढी भरली नसेल तर पुढचा ॲक्सल सरकलेला असतो, आणि मग स्टिअरिंगचे दोन्ही रॉड व ॲक्सलला मागून धरणारे दोन दांडे लांब करावे लागलेले असतात. कसे लांब केले ते बघा. नवीन अखंड दांडे बनवले असतील तर ठीक. मध्ये तुकडा घालून वेल्डिंग केलं असेल तर ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका. रंगाखाली वेल्डिंग दिसत नाही, पण बोटानं चाचपत गेलात की गाठ लागते. या उत्तरातलं बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, हे मात्र आजच करा.

आट्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वेगवेगळे हात ओळखायला याच्याइतकं खात्रीचं साधन नाही. फर्ग्युसनचं मूळ डिझाइन अमेरिकी फोर्डबरोबरच्या कामातून आलं, त्यामुळं त्यावरचे बहुतेक बोल्ट अमेरिकी इंची आट्यांचे आहेत. झेटर किंवा रशियन ट्रॅक्टरवर मिलिमीटरचे. आपल्याकडच्या जुन्या लेथवाल्यांकडं आणि फिटरांकडं मात्र टॅप-डाय असायचे ते व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचे. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची बोल्टावर फरक मोजता येतो: अमेरिकी जाड आट्यात इंचाला १३ आटे, बारीक आट्यात २०, आणि व्हिटवर्थमध्ये १२. तेरावाल्या बोल्टवर बारावाला नट दोन-तीन वेढे जातो आणि अडकतो. इतर पुष्कळ मापांत इंचाला आट्यांची संख्या दोन्हींत सारखीच असते, फक्त आट्याचा कोन वेगळा, तिथं नट ढिला ढिला जातो आणि फसवतो. थ्रेड गेज स्वस्त मिळतं, एक घेऊन ठेवा. एखाद्या ब्रॅकेटचे चारही बोल्ट व्हिटवर्थ निघाले तर ते काम इथल्या कारागिराचं. तीन अमेरिकी आणि एक व्हिटवर्थ निघाला तर ब्रॅकेट जुनं आहे आणि एक भोक कधीतरी आटे गेल्यावर पुन्हा टॅप मारलेलं आहे.

फर्ग्युसनच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. शेतकऱ्यानं स्वतः करायच्या बहुतेक जोडण्या एकाच पान्यानं व्हाव्यात असा कंपनीचा आग्रह होता, आणि त्या पान्यावर इंचांच्या खुणाही असायच्या, नांगराची मापं घ्यायला. त्यामुळं औजारांच्या जोडावर मध्येच वेगळ्या मापाचा नट आला की तिथं थांबून बघावं.

रंगाचंही असंच. लिफ्टच्या पाइपला धरणारी जी पट्टी आहे तिचा एक बोल्ट सैल करा, पट्टी जरा बाजूला करा आणि खालची जागा बघा. खाली उघडं बीड असेल आणि कारखान्याचा करडा रंग पट्टीवरून पलीकडं सलग गेला असेल, तर ती रंगाच्या आधीच, म्हणजे कारखान्यातच लागलेली. पट्टीखाली करडा रंग शाबूत असेल तर ट्रॅक्टर बाहेर पडल्यावर लागलेली. पट्टीखाली करड्यावर लाल रंगही असेल, आणि पुष्कळ फर्ग्युसन पुढं मॅसी फर्ग्युसनसारखे दिसावेत म्हणून लाल रंगवले गेले, तर ती त्याहूनही नंतरची. एवढ्यासाठीच सांगतो, ट्रॅक्टर आणल्या आणल्या सँडब्लास्टिंगला देऊ नका. एका दुपारी सगळा इतिहास धुऊन जातो आणि मग लोक मला फोटो पाठवून विचारतात.

तो पाइप कशासाठी होता? बहुधा टिपर ट्रॉलीसाठी. फर्ग्युसनचा हायड्रॉलिक पंप मागच्या हाउसिंगच्या पोटात आहे आणि पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओचा लिव्हर ओढला नाही तर लिफ्ट उचलत नाही, आणि क्लच दाबला की पंपही थांबतो. लिफ्टच्या तेलाचा दाब बाहेर घेण्यासाठी कव्हरवर मूळचीच प्लग मारलेली जागा असते. तिथूनच पाइप काढला असेल तर ते रीतसर काम. नवीन भोक पाडून काढला असेल तर कव्हर उतरवून आत बुरा पडलाय का बघावं लागेल, कारण गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि पंप एकाच तेलात आहेत. पाइपावरचा कॉक बंद राहत असेल तर तो तसाच ठेवा, लिफ्टच्या कामात त्याचा अडथळा नाही.

पीटीओवरची बाही सोपी आहे. या ट्रॅक्टरचा मूळ शाफ्ट सव्वा इंचापेक्षाही बारीक, नऊ सुती आहे. पुढं सगळीकडं अकरा सुती शाफ्ट रूढ झाला, म्हणून नवी औजारं जोडायला बाही चढवतात. मात्र ती हातानं फिरवून बघा. एका दिशेनं मोकळी फिरली आणि दुसऱ्या दिशेनं पकडली, तर ती नुसती बाही नाही, फ्रीव्हील आहे, आणि कोणीतरी फार शहाणपणानं बसवलंय. या ट्रॅक्टरला स्वतंत्र पीटीओ नाही. रोटाव्हेटरसारखं किंवा गवत कापायचं जड फिरतं औजार लावलं की क्लच दाबल्यावरही औजाराचा वेग गिअरबॉक्समधून चाकांना ढकलत राहतो, आणि ट्रॅक्टर बांधावर थांबायच्या ऐवजी बांधावरून पलीकडं जातो. फ्रीव्हील तो धक्का तोडतं. ते काढू नका.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मजेचा भाग, तो जाम लिव्हर. पीटीओचा लिव्हर तुम्ही वेगळा ओळखलाय हे बरं झालं, कारण बरेच लोक त्यालाच जादा लिव्हर समजून फोन करतात. दुसरा लिव्हर असेल तर तो जादा गिअरपेटीचा असण्याची शक्यता मोठी. मूळ ट्रॅक्टरला चार पुढचे आणि एक मागचा, एवढेच गिअर. रोटाव्हेटरच्या कामाला पहिला गिअरही जास्त वेगाचा पडतो, म्हणून वेग कमी करणाऱ्या पेट्या मिळायच्या. रोटाव्हेटरवाल्या हॉवर्डची अशी पेटी प्रसिद्ध आहे. अमेरिकेत फोर्डच्या ट्रॅक्टरांवर याच्या उलट, वेग वाढवणारी शर्मनची पेटी चालायची.

लिव्हरवर हातोडा मारू नका. मुळाशी डिझेल आणि तेल मिसळून सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग क्लच दाबून ठेवून मागची चाकं पुढं-मागं हलवत हळूच ओढा. आतले दात समोरासमोर आले की तो आपणहून सरकेल.

सरकला की उघडल्याशिवायही आत काय आहे ते कळतं. इंजेक्टर काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. मागची दोन्ही चाकं उचलून ट्रॅक्टर भक्कम ठोकळ्यांवर घ्या, पुढच्या चाकांना उटी लावा. एकच चाक उचललंत तर डिफरन्शियलमुळं ते दुप्पट फिरतं आणि हिशेब चुकतो. दोन्ही चाकांवर आणि पीटीओ शाफ्टवर खडूची खूण करा. गिअर चौथ्यात टाका, म्हणजे फार वेळ फिरवावं लागणार नाही. क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्यानं फिरवत जा आणि मोजत राहा. या ट्रॅक्टरचा पीटीओ इंजिनाच्या १५०० फेऱ्यांना ५४५ फेऱ्या घेतो, म्हणजे क्रँकच्या ११ फेऱ्यांत पीटीओच्या ४ फेऱ्या व्हायला हव्यात. हीच मोजणी लिव्हरच्या दोन्ही जागांवर करा.

लिव्हर बदलल्यावर चाकं आणि पीटीओ दोन्हींचा हिशेब बदलला, तर पेटी मुख्य गिअरबॉक्सच्या आधी आहे. पीटीओ अकराला चार असाच राहिला आणि फक्त चाकं मंदावली, तर ती गिअरबॉक्सच्या मागं आहे. रोटाव्हेटरला हवी असते ती ही दुसरी, कारण औजाराचे फेरे कायम राहून ट्रॅक्टर सावकाश चालतो. पहिल्या प्रकारची निघाली तर पीटीओवरचं औजार लावताना लिव्हर कुठं आहे ते आधी बघण्याची सवय लावा, नाहीतर ५४० फेऱ्यांसाठी बनवलेलं यंत्र भलत्याच वेगानं फिरेल. आणि दोन्ही जागांवर काहीच बदललं नाही, तर लिव्हर गिअरपेटीचा नाहीच, आणि मग त्याचा दांडा आत कुठं जातो हे कव्हर काढूनच बघावं लागेल.

स्टार्टरच्या बटणाचं मात्र मला पटलेलं नाही. फर्ग्युसनला स्टार्टर गिअरच्या दांड्यावरच असतो. दांडा ‘एस’च्या जागी नेला तरच तो फिरतो, म्हणजे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सुरू होणं शक्यच नाही. डिझेल इंजिन आल्यावर मोठा स्टार्टर लागला, तारा बदलल्या, आणि कोणीतरी सोपा मार्ग म्हणून डॅशवर बटण दिलं. चाकाजवळ उभं राहून बटण दाबलं आणि गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर अंगावरून जातो. गिअरच्या दांड्याखालचा मूळ स्विच शाबूत असेल तर रिले लावून त्याच्यातूनच स्टार्टर चालवा. हा बदल चांगल्या वायरमनला अवघड नाही. तो बॅटरीला हात लावेल तेव्हा त्याला आधी सांगा की इंग्लंडातल्या या ट्रॅक्टरांना मूळची अर्थिंग पॉझिटिव्ह असते. कोणी डायनामो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर ती उलटी केलेली असणार. नुसत्या अंदाजानं तार लावली की अल्टरनेटर जळतो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मागं टॉप लिंक, म्हणजे औजाराला वरून जोडणारा दांडा, जिथं बसते तिथली जाड स्प्रिंगही बघून घ्या. नांगराला जमिनीत जोर लागला की टॉप लिंक ती स्प्रिंग दाबते आणि लिफ्ट आपोआप खोली सांभाळते, फर्ग्युसनची सगळी ख्याती यावरच आहे. नांगर वर-खाली होतो म्हणून वैतागून काहींनी स्प्रिंगच्या जागी पाइपचा तुकडा घातलेला असतो, किंवा ब्रॅकेटच वेल्ड केलेलं असतं. तसं असेल तर मूळ स्प्रिंग बसवा. त्याच जागी ट्रॉली ओढायचा हुक लावलेला असेल तर तो तर कापूनच टाका. मागच्या ॲक्सलपेक्षा उंचावरून ओढलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटा होतो.

काय ठेवायचं हा शेवटी तुमचा निर्णय, पण माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. मूळ ट्रॅक्टर तेलाचं इंजिन शोधून बसवायच्या भानगडीत पडू नका. सर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते पट्टे चढवलेल्या फर्ग्युसनवरूनच, आणि ते बदल काढून तो ट्रॅक्टर ‘मूळ’ करावा असं कोणी म्हणत नाही. तुमच्यावरची गिअरपेटी, फ्रीव्हील, सिम्पसनचं इंजिन हे सगळं याच शिवारात काम करताना आलेलं आहे. दोन झाकणांची टाकीही तशीच राहू दे, फक्त छोट्या कप्प्याचा कॉक बंद करून त्यावर खूण करा, नाहीतर कोणीतरी त्यात पेट्रोल ओतेल.

कागदांचं तेवढं बघा. इंजिन बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे. आरसी बुकात जुनाच इंजिन नंबर असेल तर आरटीओत जाऊन नोंद दुरुस्त करून घ्या, आणि त्यासाठी ब्लॉकवरचा नंबर घासायच्या आधी, रंगाच्या आधी, स्पष्ट फोटो काढून ठेवा. लिव्हर सुटला की दोन्ही जागांवरच्या मोजणीचे आकडे आणि क्लच हाउसिंगजवळच्या जोडतुकड्याचा कडेनं काढलेला फोटो पाठवा. पेटी कोणती हे त्यावरून बरंचसं सांगता येईल.